रक्तातली तारीख

सातारा आगाराच्या उपाहारगृहात दुपारी साडेतीनला फारशी गर्दी नसते. महाबळेश्वरची फेरी संपवून आलेली अक्षता डबा उघडत होती, तेवढ्यात समोरच्या बाकावर पन्नाशीच्या एक बाई येऊन बसल्या. त्यांनी आधी तिला जेवून घ्यायला सांगितलं आणि मग स्वतःचं नाव सांगितलं, डॉ. नाझनीन मुकादम. सांगायची गरज नव्हती. दीड वर्षापूर्वी याच बाईंनी कोंडशेतमधल्या आणि कोंडशेत सोडून बाहेर गेलेल्या दोनशे बारा माणसांचं रक्त तपासायला नेलं होतं, आणि त्यांत अक्षताचंही होतं.

कोंडशेत हे अक्षताचं माहेर, खाडीकाठचं भोयांचं गाव. वीस वर्षांची असताना, २०३१च्या जूनमध्ये, ती वाहनचालकाच्या प्रशिक्षणासाठी घाट चढून वर आली. पुढे विजेवर चालणाऱ्या एसटीवर नोकरी लागली, आगारातच मेकॅनिक असलेल्या शैलेशशी लग्न झालं, आणि गावी राहायला म्हणून ती पुन्हा गेलीच नाही. गणपतीला दोन दिवस जायची, तेही पिण्याचं पाणी बरोबर घेऊन. तोवर कोंडशेतच्या विहिरींचं नाव खराब झालं होतं.

डॉक्टर मुकादम सांगत होत्या ते असं, की नेमक्या या गोष्टीमुळे अक्षताचं रक्त इतर सगळ्यांच्या रक्तापेक्षा मोलाचं ठरलं होतं.

गावाच्या वरच्या अंगाला रसायनांची एक कंपनी होती. तिथे बनणारं रसायन जगभर जायचं. तव्याला डोसा चिकटू नये, रेनकोटवर पाणी टिकू नये, विमानतळावरची आग फेसानं विझावी, या सगळ्याला ते लागायचं. त्याच्या रेणूत कार्बनची साखळी असते आणि प्रत्येक कडीला फ्लोरिन घट्ट धरून बसलेला असतो. ही पकड उन्हानं सुटत नाही, जंतूंना सोडवता येत नाही आणि माणसाच्या यकृताला तर नाहीच नाही. पाण्यातून किंवा माशांतून पोटात गेलेला हा रेणू रक्तात उतरतो. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, त्याचं एक काम चरबीची आम्लं वाहून नेण्याचं. हा रेणू दिसायला तसाच, म्हणून अल्ब्युमिन त्यालाही पाठीवर घेतं. मूत्रपिंड त्याला गाळून बाहेर काढू बघतं, पण तिथेही त्याला कामाची वस्तू समजून परत रक्तात सोडलं जातं. असा तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. त्याची मात्रा निम्मी व्हायला तीन-एक वर्षं लागतात.

त्याच कुळातले आणखी दोन रेणू कंपनीच्या सांडपाण्यात असायचे. एकाला निम्मं व्हायला पाच वर्षं लागायची, दुसऱ्याला आठ. डॉक्टर मुकादमांनी एवढ्यावरून एक पद्धत बसवली होती. तिघे रक्तात कोणत्या प्रमाणात शिरले ते ठाऊक असेल आणि आज कोणत्या प्रमाणात उरलेत ते मोजलं, तर शेवटचे कधी शिरले ते काढता येतं. गावातली माणसं त्याला रक्ताचं पंचांग म्हणू लागली होती.

"पण जे गावात राहिले त्यांचं पंचांग बिघडलंय," डॉक्टर म्हणाल्या. "आता टँकरचं पाणी येतं तरी खाडीतले मासे पोटात जातात. रोज थोडी भर पडते. तुमच्यात २०३१नंतर भर नाही."

अशी बाहेर गेलेली, बिनभेसळीचं रक्त असलेली माणसं तीनच सापडली होती. एक गेल्या पावसाळ्यात वारले. दुसऱ्यानं मस्कतला असताना हे रसायन काढायला यंत्रावर रक्त गाळून घेतलं होतं. राहिली अक्षता. कंपनीचं म्हणणं होतं की जुनं रसायन आम्ही जानेवारी २०२४मध्येच बंद केलं, लोकांच्या अंगात सापडतंय ते त्याआधीचं. अक्षताचं रक्त सांगत होतं की ती गाव सोडेपर्यंत ते तिच्या अंगात शिरत होतं. गावाची मागणी दोन गोष्टींची होती: नवीन पाणी, आणि चौदाशे माणसांचं रक्त गाळून देण्याची सोय गावातच. न्यायालयानं नेमलेल्या समितीनं पंचांग मानायची तयारी दाखवली होती, पण एका मोजणीवर नाही. सहा महिन्यांच्या अंतरानं दोन नमुने हवेत, घट प्रत्यक्ष दिसली पाहिजे. आणि तोवर ते रक्त गाळलेलं नको, कारण गाळणी तिन्ही रेणू सारखे काढत नाही. प्रमाण मोडलं की तारीख गेली.

हो म्हणायला अक्षताला फार विचार करावा लागला नाही. तीन फेब्रुवारीला समितीच्या माणसांसमोर तिनं पहिला नमुना दिला. दुसरा चार ऑगस्टला द्यायचा होता.

पंधरा दिवसांनी तिला दिवस गेल्याचं कळलं.

शैलेशनं त्या दिवशी रजा टाकली आणि बाजारातून कंदी पेढे आणले. आनंद खराच होता, पण पहिली भेट झाली ती प्रसूतीच्या डॉक्टरांची आणि त्यांनी अक्षताचा जुना अहवाल मागितला. साध्या माणसाच्या रक्तात त्या रसायनाचा आकडा तीन-चार असतो. अक्षताचा अडुसष्ट होता. त्यांनी तिला काही भीती घातली नाही. म्हणाल्या की अशा मुलांतली बहुतेक मुलं सुखरूप जन्मतात, पण काहींचं वजन कमी भरतं आणि काहींच्या अंगी लस नीट लागत नाही. आता गाळणी निघाली आहे तर पाचव्या महिन्याच्या आत ती करून घेतलेली चांगली. सातव्या महिन्यानंतर करत नाहीत.

हिशेब सरळ होता. ऑगस्टमध्ये तिला आठवा महिना लागलेला असणार होता. दुसरा नमुना द्यायचा तर गाळणी नाही, आणि गाळणी करायची तर दुसरा नमुना नाही.

डॉक्टर मुकादमांना तिनं फोन करून हे सांगितलं. मग त्या म्हणाल्या की गरोदर बाईसाठी पुण्याच्या केंद्रात माझ्याकडे जागा राखीव असते, तुम्ही म्हणाल त्या दिवशी या. खटल्याचं माझ्यावर सोडा. अक्षतानं विचारलं, माझ्याशिवाय खटला टिकेल का? त्या खोटं बोलल्या नाहीत. कठीण आहे, म्हणाल्या.

मग अक्षतानं मनात घोळणारा दुसरा प्रश्न विचारला. आपला आकडा गावातल्या तिच्या वयाच्या बायकांहून जास्त कसा? तिचा धाकटा भाऊ तिच्याच घरात, त्याच विहिरीवर वाढला, तरी त्याचा निम्मा होता. डॉक्टरांनी समजावलं की हे रसायन बाईच्या अंगातून बाहेर पडायच्या ज्या थोड्या वाटा आहेत, त्यांतली मोठी वाट म्हणजे मूल. काही नाळेतून जातं, बरंचसं दुधातून. आईच्या अंगात साठलेलं पहिलं मूल घेतं. दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतं. अक्षता पहिली होती, आणि पुढची वीस वर्षं माशांनी आणि विहिरीनं त्यात भर घातली.

मार्चमध्ये चार दिवसांची रजा काढून ती कोंडशेतला गेली. शैलेशला ती जायला नको होती. तो तिला एवढंच म्हणाला की गाव तुझं आहे, पण हे मूल दोघांचं आहे, ठरवताना मला धरून ठरव. ती हो म्हणाली.

तिची आई, सुगंधा, बातमी ऐकून हरखली आणि मग डॉक्टर काय म्हणाल्या ते विचारू लागली. अक्षताला दुधाचं सांगायचं नव्हतं. पण गावात डॉक्टरांच्या सभा होऊन गेल्या होत्या, आईला ते आधीच माहीत होतं. चुलीपाशी बसून तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "अडीच वर्षं पाजलं तुला. सगळ्या म्हणायच्या, पोरगी कशी गुटगुटीत आहे." मग ती बराच वेळ त्याच मूठभर तांदळात खडे शोधत राहिली. अक्षतानं सूप तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मनाली आली. ती अक्षताची शाळेतली मैत्रीण, आता गावची आशा सेविका. बरोबर चार वर्षांची मुलगी होती, शिफा नव्हे, शिवानी, असं मनाली प्रत्येकाला सांगायची, कारण लसीकरणाच्या नोंदीत कोणीतरी चुकीचं नाव लिहून ठेवलं होतं. शिवानीला गोवराची लस दोनदा देऊन झाली होती आणि दोन्ही वेळा तपासणीत ती लागलेली दिसली नाही. गावातल्या अकरा मुलांचं असं झालं होतं. शेजारच्या गावात गोवर आला की मनाली लेकीला अंगणवाडीत पाठवायची नाही.

गावात सगळ्यांना अक्षताची अडचण कळली होती. तिच्याशी कोणी ते बोललं नाही. उलट कोणी कुळीथ आणून दिले, कोणी आंबोशी. त्या आपुलकीचाच तिला भार झाला. मनाली मात्र स्पष्ट बोलली.

"तू गाळून घे. आमच्याकडे बघू नको."

अक्षता म्हणाली, आणि शिवानी?

"शिवानीसाठी मी आहे ना. तुझ्या पोराच्या जिवावर माझ्या पोरीला लस लागली तर मला ती गोड लागेल का?"

मनाली असं म्हणाली नसती तर अक्षतानं कदाचित पुण्याची वाट धरली असती. तिच्या त्या बोलण्यानंतर मात्र तिला जाववेना. तिनं शैलेशला फोन लावला. पाऊण तास दोघं बोलली. तो चिडला, मग त्यानं विचारलं की बाळाला नक्की काय होईल. नक्की कोणीच सांगू शकत नाही, ती म्हणाली. चौदाशे माणसांचं मात्र नक्की आहे. शेवटी तो म्हणाला की तुझं मन होत असेल तर मी आड येणार नाही, पण मला हे पटलं असं समजू नकोस.

संध्याकाळी दिवेलागणीला तिनं आई-वडिलांना सांगितलं, की ऑगस्टपर्यंत थांबायचं आणि नमुना द्यायचा असं ठरवलंय. आई रडू लागली. वडील, दत्ताराम, ओटीवर जाळं विणत बसले होते. एकसष्ट वर्षांचे, कमी बोलणारे गृहस्थ. बावीस वर्षं त्यांनी त्याच कंपनीत, सांडपाण्याच्या विभागात नोकरी केली होती. त्यात विशेष काही नव्हतं, गावातल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी तिथे जायचं. २०३१च्या शेवटी गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी नोकरी सोडली, आणि पुढे गावानं तक्रार केली तेव्हा पहिली सही त्यांचीच होती. अक्षताचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, हातातली सुई जाळ्यात खोचली आणि उठून परसात गेले.

सकाळी नऊच्या सुमाराला त्यांनी तिला हाक मारली आणि होडीत बसायला सांगितलं. कुठे जायचं ते सांगितलं नाही. ओहोटी लागली होती. तिवरांच्या कडेकडेनं वल्हवत त्यांनी होडी गावामागच्या खाजणात नेली. तिथे खाडीचा एक फाटा आत शिरून थांबलाय, भरतीला पाणी येतं आणि हलकेच निघून जातं, ओढ अशी नाही. चिखलात होडी टेकली तेव्हा ते वल्हं मांडीवर घेऊन बसले.

"बाय, तू रक्त देऊ नको," ते म्हणाले. "इथं पाइप आहे."

तिला आधी कळलंच नाही. त्यांनी बोट दाखवलं त्या जागी तिवरांची मुळं आणि काळा चिखल याशिवाय काही दिसत नव्हतं.

मग ते सांगत गेले. जुनं रसायन बंद केल्याचं कंपनीनं २०२४मध्ये जाहीर केलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात रात्रपाळीच्या सुपरवायझरनं त्यांना एक नवा व्हॉल्व्ह दाखवला. नेहमीच्या नाल्यावर तपासणीवाले यायचे, म्हणून ही वेगळी वाट जमिनीखालून खाजणापर्यंत आणली होती. काम सोपं होतं. भरती पूर्ण झाली, पाइपाचं तोंड पाण्याखाली गेलं, की व्हॉल्व्ह उघडायचा, पाऊण तासानं बंद करायचा. भरती-ओहोटीची वेळ भोयाच्या पोराला विचारावी लागत नाही, म्हणून त्यांना निवडलं होतं. सात वर्षं त्यांनी तो उघडला. ती सातारला गेली त्याच वर्षी ती वाट मातीनं बुजवून टाकली, आणि मग त्यांनी नोकरी सोडली.

डॉक्टरांच्या माणसांनी खाडीचा चिखल तपासला होता, पण तो कंपनीच्या नेहमीच्या नाल्याजवळचा. तिथे प्रवाह जोरात, दर भरतीला चिखल ढवळून निघतो, त्यात जुनं-नवं कळत नाही. इथे या मागच्या खाजणात कोणी आलंच नव्हतं.

अक्षतानं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. लपवतायत, ते माहीत होतं."

ती पाण्याकडे बघत राहिली. लहानपणी गावातली सगळी पोरं ओहोटीला इथे शिंपल्या वेचायला यायची. तिला मात्र पुढे घरातून सक्त मनाई झाली. इथं सापविंचू आहेत असं वडील सांगायचे आणि एकदा इथे सापडली म्हणून त्यांनी तिला मारलंही होतं, आयुष्यात एकदाच. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिनं मनातल्या मनात वर्ष मोजलं, २०२५.

"मला येऊ देत नव्हतात," ती म्हणाली.

"हो."

"मनाली यायची. सगळी यायची."

दत्तारामांनी मान हलवली. ते म्हणाले, "तुला एकटीला थांबवलं गो. बाकीच्यांना थांबवायचं तर का ते सांगावं लागलं असतं." आणि मग, जणू तेही सांगून टाकायला हवं होतं म्हणून, त्यांनी सांगितलं की विहिरीचा झरा याच खाजणाखालून येतो हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. इथे न येताही तिचा आकडा अडुसष्ट निघाल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ते आलं.

खटला आपल्याशिवाय जिंकला जाईल असं त्यांना वाटत होतं. काल ओटीवर बसून तिचं ऐकलं तेव्हा कळलं की आपण गप्प राहिलो त्याची भरपाई आता तिच्या पोटातलं मूल करणार. तिथून पुढे त्यांना जाळ्याची गाठ दिसेना.

परत येताना वल्हं अक्षतानं मारलं. बापाकडे पाठ करून बसता यावं म्हणून तिनं ते मागून घेतलं होतं.

त्याच दुपारी दत्तारामांनी स्वतः डॉक्टर मुकादमांना फोन केला. चौथ्या दिवशी त्या समितीच्या दोघांना घेऊन आल्या. दत्तारामांनी दाखवलेल्या जागेवर त्यांनी मनगटाएवढी जाड, मीटरभर लांबीची नळी चिखलात सरळ उतरवली आणि न हलवता वर काढली. दर पावसाळ्यात डोंगरातला गाळ येऊन तिथे बसतो, एका वर्षाचा एक थर. त्या गाळात शिशाचा एक किरणोत्सारी प्रकार अगदी थोडा असतो. तो ठरावीक वेगानं कमी होत जातो, त्यावरून थराचं वय कळतं. नळी उभी चिरली तेव्हा नुसत्या डोळ्यांनाही पट्टे दिसत होते. महिन्याभरात अहवाल आला. २०२३पर्यंतच्या थरांत रसायन नावापुरतं होतं. २०२४पासून २०३१पर्यंतच्या थरांत ते ठासून भरलेलं होतं. त्याच्यावर पुन्हा कमी. कंपनीच्या वकिलानं तो पाइप आमचा नाही असं म्हणून पाहिलं. समितीनं खणायला लावलं आणि पाइप खणत खणत माणसं कंपनीच्या कुंपणाच्या आत पोहोचली.

गावाला अहवालाच्या आधीच सांगायचं असं दत्तारामांनी ठरवलं होतं. देवळाच्या सभामंडपात ते उभे राहिले आणि होडीत मुलीला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. आरडाओरडा झाला नाही. काही माणसं उठून गेली. मनालीनं एकच विचारलं, की काका, आम्ही तिथे शिंपल्या वेचायचो ते तुम्हाला दिसायचं ना? ते हो म्हणाले. तिनं शिवानीला कडेवर घेतलं आणि ती निघून गेली. त्यानंतर त्यांच्याशी बोलणं कित्येकांनी सोडलं. सुगंधा त्यांना जेवायला वाढायची, पण गणपतीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. पोलिसांनी आरोपींत त्यांचंही नाव घातलं. पुढे त्यांना साक्षीदार करायचं ठरलं, तरी तो निकाल अजून बाकी आहे.

अक्षता एप्रिलमध्ये पुण्याला गेली. गाळणी म्हणजे तिनं कल्पना केली होती तसं मोठं काही नव्हतं, टेबलाएवढं यंत्र. एका हातातून रक्त बाहेर यायचं, त्यातल्या तांबड्या पेशी वेगळ्या होऊन परत जायच्या, आणि पिवळसर पाणी बारीक दाण्यांनी भरलेल्या एका नळकांड्यातून जायचं. त्या दाण्यांना फ्लोरिनच्या साखळीची ओढ अल्ब्युमिनपेक्षा जास्त होती. अल्ब्युमिन ओझं तिथे टाकून मोकळं होऊन अंगात परत यायचं. एका बैठकीला तीन तास. पाच बैठकांनंतर तिचा आकडा अकरावर आला. शैलेश प्रत्येक वेळी शेजारी बसून होता. तिच्या वडिलांविषयी तो काही बोलला नाही, एकदाच म्हणाला की त्यांनी सांगितलं नसतं तर आपण इथे नसतो. ती म्हणाली की आधी सांगितलं असतं तरी आपण इथे नसतो. दोन्ही खरं होतं, म्हणून ते पुन्हा त्या विषयावर आले नाहीत.

सप्टेंबरच्या शेवटी मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे. नाळेतल्या रक्ताचा आकडा चार आला. डॉक्टर मुकादमांनी तो स्वतः फोन करून सांगितला. बारशाला सुगंधा एकटीच सातारला आली. दत्तारामांनी येऊ का म्हणून विचारलं नव्हतं आणि अक्षतानंही या म्हटलं नव्हतं. तिनं बाळाचा फोटो आईच्या फोनवर पाठवला, तो ते बघतात हे तिला माहीत होतं.

जानेवारीत निकाल लागला. कंपनीनं पाण्याची योजना करायची आणि गावातच गाळणी केंद्र चालवायचं, शेवटच्या माणसाचं रक्त गाळून होईपर्यंत. एप्रिलमध्ये शाळेच्या दोन वर्गांत सहा यंत्रं बसली. आधी मुलं, मग गरोदर बाया, मग बाकीचे. शिवानीची बैठक पहिल्याच दिवशी झाली. तिच्यासाठी लहान सुई आणि अर्धं नळकांडं होतं. आता सहा महिन्यांनी तिला लस पुन्हा द्यायची होती.

मे महिन्यात अक्षता सात महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी आली. वडिलांनी नात बघितली, हात लावला नाही. अक्षतानं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यांनी तसं काही मागितलंही नव्हतं.

गाळणीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी ते दिलंच नव्हतं. सुगंधानं सांगून पाहिलं, भावानं सांगून पाहिलं. माझं राहू दे, एवढंच ते म्हणायचे. तीन दिवसांनी सकाळी मनाली वही घेऊन दारात उभी राहिली. सभामंडपातल्या त्या दिवसानंतर ती या घराची पायरी चढली नव्हती. तिनं अक्षताकडे बघून मान हलवली आणि मग दत्तारामांना म्हणाली की यादी पूर्ण झाल्याशिवाय मला वर अहवाल पाठवता येत नाही, चौदाशे सात नावांत एक कमी आहे, साडेदहाला शाळेत या. काका म्हणाली नाही.

ते गेले. अक्षता बाळाला घेऊन बरोबर गेली. वर्गात पाच खुर्च्यांवर माणसं होती, सहावी रिकामी होती. शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं त्यांना पाहून तोंड फिरवलं. तंत्रज्ञानं सुई लावली, नळीतून रक्त धावू लागलं, आणि थोड्या वेळानं वरच्या पारदर्शक भांड्यात पिवळसर पाणी जमू लागलं. दत्ताराम त्याच्याकडे बघत होते. अक्षता त्यांच्या पायाशी स्टुलावर बसली होती. बाळ झोपलं होतं.

अर्ध्या तासानं मनाली फेरी मारत आली. प्रत्येक खुर्चीपाशी थांबून ती तेच विचारायची, तेच वहीत लिहायची. त्यांच्यापाशी थांबली तेव्हा तिनं वर पाहिलं नाही.

"चक्कर येतेय का?"

"नाही."

ती पुढे निघाली होती. दोन पावलांवर थांबली आणि मागे वळून तिनं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"आली तर सांगायचं, काका. गप्प बसायचं नाही."

"सांगेन," दत्ताराम म्हणाले.